बॉर्डरलाइनमधून सावरायला किती काळ लागतो, आणि त्या काळाचा हिशेब कसा ठेवावा

निदानाचा कागद हातात घेऊन आम्ही उठलो, तेव्हा माझ्या यजमानांनी दारातून वळून डॉक्टरांना विचारले, ‘पण मुदत किती?’ ते आयुष्यभर बँकेत होते आणि प्रत्येक गोष्टीला मुदत असते यावर त्यांचा विश्वास होता. डॉक्टर म्हणाले, ‘वर्षांत मोजा, महिन्यांत मोजाल तर थकाल.’ त्या दिवशी हे उत्तर मला टाळाटाळीचे वाटले होते. आज लेकीच्या निदानाला सात वर्षे होऊन गेली आहेत आणि ते उत्तर निम्मे तरी बरोबर होते, असे मी म्हणेन. उरलेले निम्मे असे, की नुसती वर्षे मोजून भागत नाही. कशाची वर्षे मोजायची, हे आधी ठरवावे लागते.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात पाचपाखाडीत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे आणि महिन्यातून एकदा शुभंकरांच्या गटात जाते. (रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची जी पद्धत आपल्याकडे रुळली आहे, ती मला आवडते, ‘पेशंटची आई’ यापेक्षा ते ऐकायला बरे वाटते.) गटात नव्याने येणारे प्रत्येक कुटुंब मुदतीचाच प्रश्न घेऊन येते, म्हणून त्याचे उत्तर काढण्याची रीत येथे सविस्तर लिहीत आहे. उपचारांचे निर्णय अर्थातच आपापल्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावेत.

आधी नावाचा घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, म्हणजेच सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार, हे नाव ऐकले की आपल्या घरांत हमखास ‘बॉर्डरलाइन शुगर’ आठवते आणि आजार अजून पुरता झालेलाच नाही, काठावर आहे, पथ्य पाळले की परतेल, असा समज होतो. माझ्या नणंदेने तर पहिल्याच भेटीत ‘बॉर्डरलाइनच आहे ना, मग काळजी कशाला’ असे म्हणून विषय मिटवला होता. वास्तविक हा शब्द अमेरिकेतील मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये वापरला तो वेगळ्याच अर्थाने. त्या काळी मनोविकारांचे जे दोन मोठे गट मानले जात, त्यांच्या सीमेवरचे, कोणत्याच गटात नीट न बसणारे रुग्ण त्यांना अभिप्रेत होते. अधिकृत निदान म्हणून हे नाव १९८० मध्ये अमेरिकन वर्गीकरणात आले. तेव्हा आजार सौम्य आहे असा त्याचा अर्थ मुळीच नाही, आणि तो कधीच बरा होत नाही असाही नाही. दुसरा समज पूर्वी तज्ज्ञांमध्येही होता; तो कसा बदलला, ते पुढे येईलच.

प्रश्न एक दिसतो, पण त्याचे तीन प्रश्न करावेत

कागदावर हे निदान नऊ लक्षणांपैकी किमान पाच असतील तर होते. कोणी सोडून जाईल अशी कमालीची भीती, टोकाची चढउताराची नाती, ‘मी कोण’ याविषयीचा गोंधळ, आवेगी वागणे, स्वतःला इजा करणे किंवा आत्महत्येचे प्रयत्न, तासातासाला पालटणारी मनःस्थिती, कायमचे रितेपण, आवरता न येणारा राग, आणि ताणाच्या वेळी येणारा संशय किंवा स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे, अशी ती नऊ लक्षणे. आता गणित पाहा. पाचांची चार झाली, की कागदावर निदान उरत नाही. पण उरलेल्या चार लक्षणांसह तिला लोकलने कामावर जायचे असते आणि त्याच चारांसह घरी परतायचे असते. ‘बरी झाली’ असे डॉक्टर एका अर्थाने म्हणतात, आपण दुसऱ्या अर्थाने ऐकतो आणि मग फसवणूक झाल्यासारखे वाटते.

म्हणून किती काळ लागेल, हे तीन वेगवेगळ्या गोष्टींविषयी विचारावे. लक्षणे ओसरायला किती काळ लागेल, हा पहिला प्रश्न. काम, शिक्षण आणि निदान एक तरी आधाराचे नाते, असे आयुष्य उभे राहायला किती काळ लागेल, हा दुसरा. आतले रितेपण आणि एकटेपणाची धास्ती शमायला किती काळ लागेल, हा तिसरा. पुढच्या मजकुरात पहिल्याला मी ओसरणे म्हणेन आणि दुसऱ्याला सावरणे म्हणेन.

आकडे काय सांगतात, आणि ते कसे वाचावेत

या विषयावरचा एक फार दीर्घ आणि चिकाटीचा अभ्यास मेरी झनारिनी यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मॅक्लीन रुग्णालयात १९९२ मध्ये सुरू केला. बॉर्डरलाइनचे निदान झालेल्या आणि त्या वेळी रुग्णालयात दाखल असलेल्या, म्हणजे आजार चांगलाच तीव्र असलेल्या २९० जणांना त्यांनी दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा तपासले. पहिल्या टप्प्याच्या शेवटी, म्हणजे दोन वर्षांनी, साधारण एक तृतीयांश लोकांची लक्षणे निदानाच्या रेषेखाली गेलेली होती. चार वर्षांनी जवळजवळ निम्म्यांची. सहा वर्षांनी सुमारे ६९ टक्क्यांची. दहा वर्षांपर्यंत ९३ टक्के लोकांना लक्षणे ओसरल्याची किमान दोन सलग वर्षे लाभली होती, आणि सोळा वर्षांपर्यंत हे प्रमाण ९९ टक्क्यांवर पोहोचले. हा आजार जन्मभर सुटत नाही, ही तज्ज्ञांमधली जुनी समजूत मोडीत निघण्यामागे या आकड्यांचा मोठा वाटा आहे.

मी हे आकडे प्रथम वाचले तेव्हा रात्री साडेअकराला यजमानांना उठवून वाचून दाखवले होते. दुसऱ्या दिवशी पुढचे परिच्छेद वाचले आणि जरा जमिनीवर आले. कारण त्याच अभ्यासात सावरण्याची, म्हणजे लक्षणे ओसरणे, एक तरी जवळचे टिकाऊ नाते असणे आणि पूर्ण वेळ काम किंवा शिक्षण नीट निभावणे या सर्वांची एकत्र कसोटी लावली, तेव्हा दहा वर्षांत निम्मेच लोक तिला उतरले होते, आणि सोळा वर्षांत ६० टक्के. त्याहून महत्त्वाचा तपशील असा, की अडखळण्याची जागा बहुतेकांच्या बाबतीत काम ही होती. नाती त्या मानाने लवकर जुळली. अमेरिकेतच झालेल्या दुसऱ्या एका दहा वर्षांच्या अभ्यासाचाही सूर हाच आहे: ८५ टक्के लोकांची लक्षणे किमान एक वर्ष निदानाच्या रेषेखाली राहिली, मात्र रोजच्या जगण्यातली सुधारणा मागे रेंगाळली.

आजार उलटण्याचे काय? झनारिनींच्या सोळा वर्षांच्या नोंदींनुसार ज्यांना लक्षणांविना दोन वर्षे मिळाली, त्यांच्यातील ३६ टक्के लोकांमध्ये ती पुन्हा उद्भवली. ज्यांना सलग आठ वर्षे मिळाली, त्यांच्यात हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. चांगले गेलेले प्रत्येक वर्ष पुढच्या वर्षाला थोडी अधिक हमी देते, आणि पहिली दोन वर्षे नीट गेली म्हणून घरातल्यांनी लगेच गाफील राहू नये.

सगळी लक्षणे एका वेगाने जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. स्वतःला इजा करणे, आत्महत्येचे प्रयत्न, आवेगाच्या भरात केलेल्या गोष्टी, म्हणजे ज्यांनी घर हादरते ती लक्षणे तुलनेने लवकर मागे सरतात. रितेपण, धुमसता राग, एकटे राहण्याची आणि टाकले जाण्याची भीती, ही स्वभावात मुरलेली लक्षणे सर्वांत शेवटी जातात, आणि काहींच्या बाबतीत पुरती जातही नाहीत. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक चमत्कारिक स्थिती येते: घरच्यांच्या मते सगळे शांत झालेले असते, आणि शुभार्थी मात्र सांगत असते की मला आतून काही बरे वाटत नाही. दोघांचेही खरे असते. या टप्प्यावर ‘आता कशाला हवे दर आठवड्याला समुपदेशन’ असे म्हणून उपचार थांबवण्याची घाई सर्वाधिक होते.

आणखी एक. हे आकडे परदेशातील लोकांचे, तिथल्या व्यवस्थेतले आहेत. ते दिशादर्शक म्हणून वापरावेत, आपल्या मुलीवर किंवा मुलावर लादायची तारीख म्हणून वापरू नयेत.

उपचारांची मुदत किती धरावी

आजाराची मुदत आणि उपचारांची मुदत यांत गल्लत होऊ देऊ नये. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, जिला सगळे डीबीटी म्हणतात, ती भावना आणि वागणे हाताळायला शिकवणारी मानसोपचार पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केली आणि तिची पहिली मोठी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा ठरीव अभ्यासक्रम साधारण एक वर्षाचा असतो: आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, आठवड्याला दोन-अडीच तासांचा कौशल्यांचा वर्ग, आणि अडचणीच्या क्षणी थेरपिस्टला फोन करण्याची मुभा. सजगता, कठीण क्षण न बिघडवता सोसणे, भावनांचे नियमन आणि नात्यांत आपले म्हणणे नीट मांडणे, ही चार कौशल्ये सुमारे २४ आठवड्यांत शिकवून पुन्हा एकदा पहिल्यापासून उजळणी घेतली जाते. लंडनमध्ये बेटमन आणि फोनागी यांनी मांडलेली मेंटलायझेशनवर (आपल्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले असावे, हे समजून घेण्यावर) आधारित पद्धत सामान्यतः १८ महिन्यांची आहे. लहानपणापासून मनात रुजलेले त्रासदायक साचे बदलण्यावर भर देणाऱ्या स्कीमा थेरपीच्या नेदरलँड्समधील गाजलेल्या चाचणीत आठवड्याला दोन सत्रे तीन वर्षे चालली होती.

वर्षभराचा कोर्स संपला म्हणजे आजार संपला, असे होत नाही. पोहण्याचा वर्ग संपणे आणि पोहता येणे यांत जेवढे अंतर असते, तेवढे इथेही असते.

ठाणे आणि नवी मुंबईत वैयक्तिक सत्रे घेणारे बरेच आहेत. गट, फोनची सोय आणि सर्व अंगे असलेले पूर्ण डीबीटी मात्र आम्हाला फार शोधूनच मिळाले. त्यासाठी हवालदिल होऊ नये. कॅनडात टोरांटो येथे १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका गटाला डीबीटी आणि दुसऱ्याला या आजाराची जाण असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांकडून नीट बांधलेले सर्वसाधारण उपचार मिळाले; वर्षअखेरीस दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली. थोडक्यात, पद्धतीच्या पाटीपेक्षा सातत्य, आजाराची समज आणि स्पष्ट आखणी यांना महत्त्व द्यावे. पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारण्यात संकोच करू नये: या आजाराच्या किती जणांसोबत आपण वर्षभर किंवा त्याहून अधिक काम केले आहे, प्रगती कशी आणि किती महिन्यांनी तपासणार, आणि दोन सत्रांच्या मध्ये तीव्र प्रसंग उद्भवला तर कोणाला फोन करायचा. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळाले, तर मी दुसरीकडे चौकशी करीन.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारावे. औषधे लिहून देण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा असतो. ज्यांना खासगी फी झेपत नाही, त्यांच्यासाठी ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिथे बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून दाखवता येते. त्या इमारतीचे नाव घेतले की अजूनही लोक आवाज खाली आणतात. १९०१ पासून उभ्या असलेल्या या संस्थेविषयी ठाणेकरांनी एवढे विनोद केले आहेत, की गरज पडते तेव्हा आपलीच पावले अडखळतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचे नाव बहुतेकांना ठाऊक असतेच.

खर्चाचा हिशेब पहिल्याच महिन्यात मांडावा. सुट्ट्या, सण, आजारपणे वगळता वर्षाला साधारण ४५ सत्रे होतात; ती संख्या फीने गुणावी आणि तेवढी रक्कम दोन वर्षे उभी राहील का, ते पाहावे. राहणार नसेल, तर आठव्या महिन्यात अचानक थांबण्यापेक्षा पहिल्याच दिवशी तसे सांगून परवडणारी व्यवस्था करावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देणे बंधनकारक आहे. मात्र आपल्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारांची तरतूद आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे, कारण या आजारातला बहुतेक खर्च तिथेच होतो.

औषधांविषयी एवढेच, की खास या विकारासाठी मान्यता मिळालेले एकही औषध आज नाही. सोबत नैराश्य, चिंता किंवा झोपेची तक्रार असेल तर डॉक्टर त्यासाठी औषधे देतात आणि ती मनाने बंद करू नयेत. पण गोळ्या चालू आहेत म्हणजे मुख्य उपचार चालू आहे, असे समजू नये.

नोंद कोणी ठेवावी आणि कशाची

इथे मी माझी चूक सांगते. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते. त्याच्या चौकटींत दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या, सगळे लिहिलेले असते. निदानानंतर मी त्याच चौकटींत लाल पेनाने ठिपके द्यायला लागले. घरात वादळ झाले की एक ठिपका, फार मोठे झाले की दोन. तीन महिन्यांनी ते ठिपके लेकीच्या ध्यानात आले. ती ओरडली नाही. पान उलटून मागचा महिना पाहिला, त्याच्या मागचा पाहिला आणि म्हणाली, ‘आई, माझे दिवस तू दुधाच्या खाड्यांसारखे मांडतेस?’ त्यानंतर पाच आठवडे ती समुपदेशनाला गेली नाही.

नोंद हवीच, पण ती जिची आहे तिच्या हातात हवी. डीबीटीमध्ये यासाठी रोजचे डायरी कार्ड असते. साध्या दोनशे पानी वहीत रेघा मारूनही ते करता येते: त्या दिवशीची सर्वांत तीव्र भावना कोणती, ती शून्य ते पाचमध्ये किती, स्वतःला त्रास देण्याची ऊर्मी आली का, आली तर तिच्यामागे गेले का, कोणते कौशल्य वापरले, आणि झोप किती तास झाली. रात्री दोन मिनिटांचे काम आहे. घरच्यांना ती वही उघडण्याचा अधिकार नाही. दाखवावीशी वाटली तर शुभार्थीने दाखवावी.

घरच्यांना नोंद ठेवायचीच असेल, तर त्यांनी स्वतःची ठेवावी. मी आज किती वेळा आवाज चढवला, किती वेळा मध्येच तोडून सल्ला दिला, किती वेळा दारामागे उभी राहून कानोसा घेतला. मी हे सहा महिने लिहिले. आकडे सांगण्यासारखे नाहीत.

वहीत एक रकाना मात्र अवश्य वाढवावा: शांत व्हायला किती वेळ लागला. बहुतेक जण वादळे किती आली आणि किती मोठी आली, एवढेच मोजतात. आणि ते दोन आकडे वर्षानुवर्षे फारसे हलत नाहीत, म्हणून सगळे निराश होतात. आमच्या घरात सर्वांत आधी हलला तो हा तिसरा आकडा. लेक ऐरोलीला एका कंपनीत कामाला लागल्यानंतरची गोष्ट आहे. तिने जवळच्या मैत्रिणीला दुपारी मेसेज पाठवला होता, दोन निळ्या टिका दिसत होत्या आणि संध्याकाळी सहापर्यंत उत्तर नव्हते. पूर्वी असे झाले की ती मैत्रिणीला लागोपाठ चाळीस-चाळीस फोन करायची, मग नाते तोडल्याचा लांब मजकूर पाठवायची, आणि पुढचे तीन दिवस खोलीचे दार बंद असायचे. त्या संध्याकाळी ती ऐरोली स्थानकाच्या बाकावर बसून राहिली. ठाण्याकडे जाणाऱ्या गाड्या तिने सोडून दिल्या. बाटलीतले गार पाणी तोंडावर मारले, फोनमध्ये स्वतःसाठी दोन ओळी लिहिल्या: ‘ती कामात असेल. किंवा रागावली असेल. यातले खरे काय ते मला आता कळणार नाही.’ मग पुढची गाडी पकडून घरी आली, पिठले-भात जेवली आणि मला हे सगळे दुसऱ्या दिवशी सांगितले. तिच्या वहीत त्या दिवशी भावनेची तीव्रता होती पाचपैकी पाच. शेजारच्या रकान्यात लिहिले होते: ५० मिनिटे. तीन दिवसांची ५० मिनिटे झाली होती, आणि केवळ तीव्रता मोजली असती तर त्या दिवशी काहीच सुधारले नव्हते.

वही रोज लिहावी, पण निष्कर्ष रोज काढू नयेत. दर तीन महिन्यांनी शुभार्थी आणि थेरपिस्ट यांनी, आणि शुभार्थीची इच्छा असल्यास घरच्या एकाने, बसून मागच्या तिमाहीशी तुलना करावी. सहा महिने काहीच हलले नसेल, तर ‘माझ्यात दोष आहे’ यापाशी न थांबता उपचारांची आखणी बदलण्याविषयी आणि निदान पुन्हा तपासण्याविषयी स्पष्ट बोलावे. बायपोलर विकाराशी याची गल्लत होते. त्यात चढउतार सामान्यतः दिवस किंवा आठवडे टिकतात, तर बॉर्डरलाइनमध्ये एखाद्या शब्दाने, नजरेने मनःस्थिती काही तासांत पालटते. दोन्ही एकत्र असूही शकतात.

काम आधी, ‘पूर्ण बरे’ नंतर

वरच्या आकड्यांत काम ही अडखळण्याची जागा आहे असे म्हटले, आणि आमच्या गटातल्या घरांकडे पाहिले तर त्याला आपला हातभार किती लागतो, तेही दिसते. ‘आधी नीट बरी होऊ दे, मग नोकरीचे पाहू’ असे आम्हीही म्हणालो आणि चौदा महिने तिला घरी बसवले. हेतू मायेचा होता. परिणाम असा झाला की तिचा सगळा दिवस माझ्या चेहऱ्याकडे पाहण्यात आणि कोणाचा मेसेज आला का ते बघण्यात जाऊ लागला, आणि बायोडेटामधल्या त्या चौदा महिन्यांचे उत्तर पुढे प्रत्येक मुलाखतीत तिला द्यावे लागले.

या आजाराच्या उपचारांत मोठे नाव असलेले जॉन गुंडरसन यांचा भर प्रेमापेक्षा आधी कामावर होता: नात्यांवर सगळी भिस्त टाकण्याआधी शुभार्थीने काम किंवा शिक्षण यांत पाय रोवावा. काम म्हणजे लगेच पूर्ण वेळ नोकरी नव्हे. रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडून ठरलेल्या ठिकाणी दोन तास घालवणे, एवढ्यापासून सुरुवात करावी. वाचनालय चालेल, ओळखीच्या शिकवणीतल्या वह्या तपासणे चालेल, छोटा कोर्स चालेल. आमच्या लेकीने गोखले रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात चार महिने अर्धा दिवस काम केले. पगार नावापुरता होता, पण ‘उद्या दहाला यायचे आहे’ हे वाक्य घरातून कोणी म्हणण्यापेक्षा दुकानदार काकांनी म्हटलेले तिला चालत असे. तास वाढवायचे ते तीन महिन्यांनी एकदा, आणि नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात शक्य असेल तर गर्दीच्या तासाआधीची गाडी धरावी. ठाण्याच्या दहा नंबरच्या फलाटावर सकाळी साडेआठला उभे राहणे हे निरोगी माणसाचीही परीक्षा पाहते.

आणि लग्न हा उपचार नाही. ‘दोनाचे चार हात झाले की येईल ताळ्यावर’ असे सांगणारे सात वर्षांत मला निदान डझनभर भेटले. ज्या आजाराचा घाव नेमका जवळच्या नात्यावर पडतो, त्यावर सर्वांत जवळचे नाते औषध म्हणून देणे, तेही समोरच्या घराला अंधारात ठेवून, हा दोन्ही घरांवर अन्याय आहे.

काळ वाढवणाऱ्या गोष्टींत दारू आणि इतर व्यसने पहिल्या क्रमांकावर येतात. झनारिनींच्या नोंदींतही व्यसन नसणे हे लक्षणे लवकर ओसरण्याशी सर्वांत घट्ट जोडलेले आढळले. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेला असेल, तर वेळ अधिक लागू शकतो आणि त्यावर स्वतंत्र काम करावे लागते. उलट कमी वय आणि कामाचा आधीचा चांगला अनुभव या गोष्टी काळ कमी करतात.

घरात बोलण्याची पद्धतही काळ वाढवते किंवा घटवते. ‘नाटके करू नकोस’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे. त्याऐवजी तिला जे वाटते आहे ते मान्य करावे, आणि तिने जे केले ते पटले नसेल तर तेवढेच वेगळे सांगावे: ‘तिने उत्तर दिले नाही म्हणून तुला फार लागले, ते मला दिसते आहे. बशी फोडलीस ते मला चालणार नाही. चहा टाकते, मग बोलू.’ तीन वाक्ये पुरतात. चौथे वाक्य बहुधा प्रवचनाचे असते.

उलटले तर, आणि तातडीच्या वेळी

तीव्र प्रसंगाची तयारी शांत दिवशी करावी. धोक्याची सुरुवात कशी ओळखायची, तेव्हा शुभार्थीने स्वतः काय करायचे, मग कोणत्या दोन माणसांना फोन करायचा आणि शेवटी कोणत्या रुग्णालयात जायचे, हे शुभार्थी आणि थेरपिस्ट यांनी मिळून एका कागदावर लिहावे आणि तो कागद दोघांच्या फोनमध्ये असावा. घरातील औषधे कुलपात ठेवावीत आणि आठवड्यापुरतीच बाहेर काढावीत. यात संशयाचा भाग नाही, आवेगाची लाट काही काळाने ओसरते आणि तेवढा वेळ मिळावा एवढाच हेतू आहे. जिवाला धोका वाटला तर थेट जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे किंवा ११२ वर फोन करावा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नये.

लक्षणे उलटली तर हिशेब शून्यापासून सुरू होत नाही. शिकलेली कौशल्ये पुसली जात नाहीत, आणि दुसऱ्या वेळी शांत व्हायला किती दिवस लागले, हा आकडा वहीतल्या पहिल्या वेळच्या आकड्याशी ताडून पाहावा.

सत्रे कमी कशी करावीत

वर्ष-दीड वर्षाने, इजा करण्याचे प्रसंग किमान सहा महिने झाले नसतील आणि काम किंवा शिक्षण नियमित चालू असेल, तर सत्रे विरळ करण्याचा विषय थेरपिस्टकडे काढायला हरकत नाही. एकदम थांबू नये. या आजारात निरोप ही गोष्टच दुखरी असते आणि थेरपिस्टचा निरोप तर फारच. आठवड्याची सत्रे पंधरा दिवसांवर न्यावीत, तिमाही वहीत काही ढळले नाही तर महिन्यावर, आणि त्यानंतर निदान वर्षभर तीन महिन्यांतून एक भेट ठेवावी. प्रत्येक बदलाची तारीख आधी ठरवून शुभार्थीला स्वतःच्या हाताने लिहू द्यावी. आमच्याकडे पंधरा दिवसांचे पहिले अंतर नेमके गणपतीत आले होते, घरात चौदा पाहुणे होते आणि थेरपिस्ट गावी गेल्या होत्या. ते अंतर सणावाराचे दिवस टाळून ठेवावे.